सुदिनचं घड्याळ

सुदिन गेल्याचा फोन आला तेव्हा मी पेडण्याच्या बाजारातून परतून पायरीवर चपला काढत होते. फोन भावजयीचा. "माई, हे उठनात गे," एवढंच ती म्हणाली. पार्सेला त्यांच्या घरी पोचेपर्यंत मी मनाची समजूत घालत होते, की दुपारचा पडला असेल, त्याची झोप लहानपणापासून गाढच... पण झोपेतच हृदय थांबलं होतं. माझा पाठचा भाऊ. मी रडले, चारचौघांसारखी रडले. मात्र आज, महिना उलटून गेल्यावर, लिहायला बसले आहे ती रडू सांगायला नव्हे. मला लाज वाटते आहे, आणि ती कुणापाशी बोलावी ते कळत नाही.

सुदिन तुयेच्या एका कारखान्यात सामानाचं कोठार सांभाळायचा. संध्याकाळी घरी आला की सोप्यावर टेबल ओढून बसायचा आणि सोल्डरिंगचा धूर सगळ्या घरात. "भातालाही राळेचा वास येतो," म्हणून भावजय कुरकुरायची. टाकी भरली की वाजणारी घंटी, अंधार पडला की आपोआप लागणारा तुळशीपुढचा दिवा, असले त्याचे उद्योग. मी जन्मभर शाळेत शिकवलेली बाई, मला वस्तू जागच्या जागी लागते. त्याच्याकडे बसायला पाट घ्यावा तर पाटाखाली वायरी! मी बोलायची, तो हसायचा, आणि पुढच्या खेपेला पाटाखाली जास्तच वायरी असायच्या.

माझ्या मनालीचं लग्न ठरलं तेव्हा त्याने घड्याळ करायला घेतलं. विकतचं का नको, तर भाचीच्या मुहूर्ताला मामाच्या हातची वेळ हवी म्हणून. फणसाच्या फळीची पेटी, पुढे लाल काच, आत वीतभर उंचीचे आकडे. "माई, हेका चावी नाका, सेल नाका. लायटच हेका चलयता," तो कौतुकाने म्हणाला. तारेतून येणारी वीज सेकंदाला पन्नास झोके घेते, घड्याळ ते झोके मोजतं आणि त्यावरून मिनिटं पुढे सरकतात, असं त्याने मला दोनदा समजावलं. मला कळलं ते एवढंच, की वीज चुकणार नाही आणि घड्याळही चुकणार नाही. खरं सांगायचं तर तेव्हा मलाही अभिमान वाटला होता.

लग्न देवळाच्या सभागृहात होतं. सकाळीच लायट गेली आणि जनरेटर सुरू झाला. सुदिनने मोबाइल बघून घड्याळ पुन्हा लावलं आणि भटजींना बजावलं, "आज फक्त हेच बघायचं." मुहूर्त दुपारचा. मामाचा मान म्हणून त्यानेच मनालीला बोहल्यावर आणलं, आणि तिच्या मागे उभा राहून तो नवऱ्या मुलाकडे नव्हे, भिंतीवरच्या आपल्या आकड्यांकडे बघत होता. भटजींनी आकडे बघूनच शेवटचं मंगलाष्टक आवरतं घेतलं. अंतरपाट दूर झाला, हार पडले, वाजंत्री वाजली, अक्षता उडाल्या. फोटो चालू झाले आणि तेवढ्यात नवऱ्या मुलाच्या आत्याच्या पर्समध्ये गजर वाजायला लागला. मुहूर्त चुकू नये म्हणून तिने मोबाइलवर लावून ठेवलेला! तो बंद होईना, पर्स उघडेना. लोकांनी आपापले मोबाइल काढून वेळ बघितली, मग कुणीतरी फसकन हसलं. घड्याळ जवळजवळ दहा मिनिटं पुढे गेलं होतं. जनरेटरची वीज जरा जास्तच वेगाने झोके घेते आणि घड्याळ बिचारं इमानाने तेही मोजत राहिलं, हे सुदिनच्या तिथल्या तिथे ध्यानात आलं. पण सांगणार कुणाला? भटजी म्हणाले, दहा मिनिटांनी काही बिघडत नाही. मी डिचोलीच्या व्याह्यांकडे बघायचं टाळलं. खुर्चीवर चढले आणि अंगावरची शाल त्या घड्याळावर टाकली.

एक शब्द बोलले नाही मी त्याला. हे मी कित्येकांना सांगितलंही आहे, की दुसरी असती तर भावाला फाडून खाल्लं असतं, मी मात्र अवाक्षर काढलं नाही. दुसऱ्या दिवशी तो जनरेटरचं सांगायला आला तर मी "राहू दे रे" म्हणून चहा ठेवला. लग्नानंतरच्या पहिल्या गणेशचवथीला मनालीच्या सासरी वजें पाठवायचं होतं. फळांच्या आणि गोडाच्या करंड्या घेऊन मामाने जायचं, सगळ्यांनी ते धरूनच ठेवलेलं. मी म्हटलं, "तू कशाला दगदग करतोस, मी गाडीवाल्याबरोबर पाठवते." तो म्हणाला, "बरें, माई." त्यानंतर डिचोलीचा विषय निघाला की तो उठून सोप्यावर जायचा. मला वाटायचं, त्या लोकांना तोंड दाखवायला लाजतो आहे. मनात म्हणायची, लाजू दे थोडा.

गेल्या आठवड्यात डिचोलीला बँकेचं काम होतं. ते लवकर उरकलं म्हणून मनालीकडे गेले. एरवी मी फोन केल्याशिवाय कुणाच्या घरी जात नाही, लेकीच्याही नाही. दार उघडंच होतं. आत पाय टाकला आणि समोर टीव्हीच्या वर लाल आकडे. पेटी नवी, आकडे तेच, वीतभर उंच... मनाली बाहेर गेली होती. विहीणबाई स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या, मला बघून दचकल्या आणि आधी धावल्या त्या भिंतीकडे. घड्याळ खुंटीवरून काढून हातात घेतल्यावर त्यांना कळलं, की आता उपयोग नाही.

"तुमी सदां फोन करून येतात," त्या ओशाळून म्हणाल्या.

मग हळूहळू बोलल्या. सुदिन येत होता. दर महिन्या-दोन महिन्यांनी यायचा, जेवून जायचा. लग्नातली गजाल काढून सगळे पोट धरून हसायचे, आत्याला तर तो 'गजरआत्या'च म्हणायचा. हे दुसरं घड्याळ त्याने त्यांच्यासाठी केलं, विजेवर विसंबून न राहणारं. वेळ चुकत नाही, लायट गेली तरी चुकत नाही. खुंटीही त्यानेच मारली.

"मग काढून का ठेवता?" मी विचारलं.

"तांणीच सांगिल्लें. माई येता तेन्ना काडून दवरात म्हण." त्यांनी पदराने काच पुसली. "तिका लज दिसता, म्हणाले." मला लाज वाटते, असं सुदिनने त्यांना सांगून ठेवलं होतं.

माझी मनालीही हे जाणून होती. मी फोन ठेवला की तीच घड्याळ काढायची म्हणे, आणि मी गेले की पुन्हा लावायची.

विहीणबाईंना म्हटलं, लावा जागेवर. त्यांनी लावलं. मी चहा घेतला, दोन शब्द बोलले, निघायची वेळ झाली का ते बघायला मान वर केली नाही, मनगटाकडे बघितलं.