तांदळात लिहिलेली बायको

आमच्या घरात तेव्हा तीन माणसं होती आणि तीन देश. मी भारतीय, बायको थाई, आणि मुलगा अमेरिकेतच, आम्ही राहायचो त्या रेडमंडजवळच्या इस्पितळात जन्मला म्हणून अमेरिकन. त्याला अजून धड बसता येत नव्हतं, पण घरात सगळ्यांत वजनदार पासपोर्ट त्याचा. विमानतळावर आम्हा दोघांच्या बोटांचे ठसे घेत, त्याच्या नुसत्या गालाला हात लावत. तोही असा काही बघायचा की जणू आम्हाला त्यानंच आणलंय.

दोन हजार सातच्या हिवाळ्यात बायकोच्या गावाहून फोन आला. तिची आई थायलंडच्या ईशान्येकडच्या एका लहान गावात एकटी राहायची. तिला अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवी बाजू गेली होती आणि बोलणंही जवळजवळ बंद. बायको एकुलती एक. आम्ही त्याच संध्याकाळी ठरवलं की सहा महिने तिकडं जाऊन राहायचं, तिघांनीही. तिनं नोकरीतून बिनपगारी रजा घेतली, माझ्या मॅनेजरनं तिकडून काम करायला हो म्हटलं. मला वाटलं, अवघड भाग संपला. माझ्याइतका भाबडा माणूस अख्ख्या रेडमंडमध्ये सापडला नसता.

कारण मग नियम वाचले. बायको थाई, ती खुशाल जाऊ शकत होती. मुलाच्या जन्माची थाई दप्तरी नोंद केली की तोही आईमुळं थाई. राहिलो मी. भारतीय पाहुण्याला विमानतळावर पंधरा दिवस मिळत, नंतर नमस्कार. भटाला दिली ओसरी, भट हळूहळू पाय पसरी, ही म्हण थाई सरकारनं ऐकली असणारच, नाहीतर इतके चोख नियम सुचत नाहीत. पण थाई बाईच्या नवऱ्यासाठी एक वेगळा व्हिसा होता. बायकोच्या घरी राहायचं, आणि दर तीन महिन्यांनी सरकारला जाऊन सांगायचं की मी अजून इथंच राहतोय. मी पुण्याला माझ्या काकांना हे सविस्तर सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, म्हणजे घरजावई.

आमच्या शनिवारच्या पॉटलकला, म्हणजे ज्यानं त्यानं घरून पदार्थ आणून एकत्र जेवायला, व्हिसातला तज्ज्ञ नाही असा माणूस मिळणं मुश्कील. एकानं तर भाताचा डाव हातात धरूनच सांगितलं की यार, मुलाला थाई अजिबात करू नकोस, तिकडं एकविसाव्या वर्षी मुलांना सैन्यभरतीची चिठ्ठी उचलावी लागते. लाल निघाली की सैन्यात, काळी निघाली की घरी. ही बातमी माझ्याच मूर्खपणानं पुण्याला माझ्या आईच्या कानावर गेली आणि तिचं अन्नपाणी तुटलं. शेवटी काकांनीच तिची समजूत काढली. आपल्या घराण्यात आजवर कुणाला कसलीही लॉटरी लागलेली नाही, म्हणाले, तेव्हा काळजी नसावी.

थाई वकिलातीचे लोक अधूनमधून सिअ‍ॅटलजवळच्या थाई बुद्धविहारात येऊन दिवसभर बसत. म्हणजे दूरच्या शहरातल्या वकिलातीत जायचा विमानखर्च वाचला. एका शनिवारी आम्ही सगळे कागद घेऊन तिथं गेलो. बाहेर पाऊस, आत एका बाजूला बुद्धाची मूर्ती, दुसऱ्या बाजूला नूडल्सचं पातेलं, आणि मधे घडीच्या टेबलावर लॅपटॉप लावून वकिलातीतल्या एक बाई. इतकं प्रसन्न सरकारी ऑफिस मी जन्मात पाहिलं नव्हतं. बाईंनी मुलाला आधी मांडीवर घेतलं आणि मग कागद हातात घेतले. पासपोर्ट झाले, जन्माचा दाखला झाला. मग त्यांनी आमच्या लग्नाचं पुण्याचं सर्टिफिकेट उलगडलं, आणि त्यांचं हसू तसंच राहिलं पण भुवया वर गेल्या. त्यांनी बायकोला थाईत काहीतरी विचारलं. बायको माझ्याकडं वळली.

त्या विचारत होत्या, या गृहस्थांची पहिली बायको कोण?

आता इथं थोडं मागं जायला हवं. आमचं लग्न पुण्यात झालं, अगदी साग्रसंगीत. लग्नात ताटात तांदूळ पसरून अंगठीनं सुनेचं नवं नाव लिहितात. बायकोचं खरं नाव चांगलं लांबलचक, आमच्याकडं कुणाच्या जिभेवर बसेना. आईनं हौसेनं एक गोड मराठी नाव निवडलं, मी ते तांदळात गिरवलं, सगळ्यांना पेढे वाटले. आता थाई माणसांना दोन नावं असतातच. एक कागदावरचं भलंमोठं, भिक्षूंना विचारून ठेवलेलं, आणि एक घरात हाका मारायचं आखूड. घरातलं नाव कागदावर कधी येत नाही. त्यामुळं बायकोला वाटलं, हे सासरचं हाका मारायचं नाव. ती खूश झाली. आई फोनवर त्याच नावानं हाक मारायची आणि ती ओ द्यायची.

पण आपल्याकडं हाका मारायचं नाव कागदावर येतं, आणि त्यात काका हौशी. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यापासून कोरा फॉर्म दिसला की त्यांचा हात शिवशिवतो. आम्ही दोघं अमेरिकेला परतायच्या गडबडीत असताना लग्नाची नोंदणी त्यांनीच उरकली होती. त्यांनी वधूच्या रकान्यात तांदळातलं नाव, मधे माझं नाव, पुढं आमचं आडनाव असं ठणठणीत लिहून दिलं. वर इंग्रजी भाषांतर करून शिक्का मारून घेतला. बायको इथं स्वतःच्या नोकरीच्या व्हिसावर होती, म्हणून ते सर्टिफिकेट आम्ही कधी कुणाला दाखवलंच नव्हतं. तेव्हा सरकारदरबारी माझं लग्न एका मराठी बाईशी झालेलं होतं, आणि ती बाई जगात नव्हती.

बाईंनी अतिशय प्रेमानं आमच्यापुढं वाटा मांडल्या. सर्टिफिकेट धरलंच नाही, तर बायको अविवाहित. मुलगा तिचा, आडनाव तिचं, नोंद आत्ता दहा मिनिटांत. फक्त बापाचा रकाना रिकामा. म्हणजे कायद्याप्रमाणे बायको कुमारी, मुलगा बिनबापाचा, आणि मी पर्यटक. दुसरी वाट अशी की लग्नानंतर आपण नाव बदललं असं बायकोनं लिहून द्यायचं. मग तिकडं तिचं नाव पासपोर्टवर, ओळखपत्रावर आणि तिच्या आईच्या घराच्या नोंदवहीतही बदलायचं. त्या देशात प्रत्येक घराची एक निळी नोंदवही असते, घरात कोण कोण आहे ते त्यात लिहिलेलं असतं. तिसरी वाट म्हणजे पुण्याहून नवं सर्टिफिकेट. ते ऐकून मला हसावं की रडावं ते कळेना. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, पण ती लग्नाआधी येतात. आमची चार वर्षांनी उगवली होती.

मुलगा बाईंच्या मांडीवर लाळ गाळत होता, आणि मला त्या क्षणी काकांचा गळा धरावासा वाटत होता. पण आपलेच दात, आपलेच ओठ.

परतताना गाडीत बायकोनं मागं वळून मुलाचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाली, "मला आईजवळ पोचायचंय. नाव कुठलंही लिही. मी सही करते." आणि खिडकीबाहेर बघत राहिली. तिचा आवाज अगदी सपाट होता. मुलाचा बाप नसण्यापेक्षा तिचं नाव नसणं बरं, असा हिशेब तिनं मांडला होता. आणि खोटं कशाला बोलू, माझ्यापाशीही त्याहून झटपट काही नव्हतं.

घरी आल्यावर पुण्याला फोन लावला. तिकडं रविवारची सकाळ. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि निकाल दिला की उत्तम झालं, तिचं तिकडचं नाव बदलून टाका, घोळ कायमचा मिटेल. उंटावरून शेळ्या हाकाव्यात तर आमच्या काकांनीच. मग आईनं फोन घेतला. मला वाटलं, ही तर हरखणार. हिनं ठेवलेलं नाव एका परक्या राज्याच्या पासपोर्टवर छापून येणार होतं, आमच्या गल्लीत असा मान कुठल्या सासूला मिळाला होता?

आईनं विचारलं, ती काय म्हणते. मी म्हटलं, सही करायला तयार आहे.

"तिची आई अंथरुणाला खिळलीय," आई म्हणाली, "बोलता येत नाही बिचारीला. लेकीचं नाव तेवढं ओठांवर असेल, ते आपण बदलून टाकायचं? मी हौसेनं नाव ठेवलं होतं रे. तिचं काढून घ्यायला नव्हतं ठेवलं."

सोमवारी आई काकांना घेऊन स्वतः नोंदणी कार्यालयात गेली. जुन्या अर्जावर साक्षीदार म्हणून तिचीच सही होती, त्यामुळं कारकुनाला तिला परत पाठवता येईना. पुढचे कितीतरी दिवस काका तिथं रोज जाऊन भांडत होते. अर्ज स्वतःच चुकवला होता हे विसरून ते अशा त्वेषानं भांडत की मला त्यांचं कौतुक वाटू लागलं. मी फोनवर आईला बायकोचं नाव देवनागरीत अक्षर अक्षर सुटं करून सांगितलं. आई ते स्वयंपाक करताना घोकायची म्हणे, लहानपणी पाढे घोकायची तसं.

नवं सर्टिफिकेट आलं. वधूच्या रकान्यात ते लांबलचक नाव, एकही काना इकडचा तिकडं नाही. काकांनी नंतर सांगितलं की शेवटच्या दिवशी कारकुनानं सवयीनं विचारलं होतं, आणि लग्नानंतरचं नाव काय? आई म्हणाली, तेच.

मग विमानखर्च काही वाचला नाही. आम्ही कागद घेऊन वकिलातीत गेलो. मुलगा थाई झाला, त्याला बाप मिळाला, आणि मला घरजावयाचा व्हिसा. त्यावर मी बायकोच्या आणि मुलाच्या जिवावर राहतोय असं सरळ लिहिलेलं नव्हतं, पण अर्थ तोच. मुलगा तेव्हा नुकताच रांगायला लागला होता.

निघायच्या दिवशी बॅगा दारात असताना आईचा फोन आला. बायकोनं उचलला. मी स्पीकर लावला. आईनं बहुतेक उभं राहूनच, शाळेत कविता म्हणावी तसं, बायकोचं अख्खं नाव घेतलं. पहिल्यापासून शेवटच्या अक्षरापर्यंत, मधे एकदा श्वास घेऊन. मग म्हणाली, तुझ्या आईला माझा नमस्कार सांग.

बायकोचे डोळे भरले होते आणि ती हसतही होती. तिला मराठी बेताचंच येतं, पण शब्द शोधून तिनं नीट सांगितलं.

"आई, ते नाव माझ्या आईनं ठेवलेलं. तुम्ही मला तुम्ही ठेवलेल्या नावानंच हाक मारा."