अळणी बिबडे

त्या वर्षी आमच्या घरचे बिबडे अळणी झाले, त्याला मी जबाबदार आहे.

एवढं एक वाक्य घरात बोलायला मला तीसेक वर्षं लागली. (मी मुळातच कमी बोलतो. त्याचा फायदा आजवर फक्त मलाच झालेला आहे.)

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आम्ही पाचोऱ्यात राहायचो. मी बी.ए. होऊन घरी बसलो होतो आणि आमचा कुत्रा हवालदार म्हातारा होऊन घरी बसला होता. फरक एवढाच, की त्यानं जन्मभर नोकरी केली होती! उन्हाळ्यात गच्चीवर बिबडे वाळत पडले की कावळे हाकायची ड्यूटी त्याची, आणि तुटलेले बिबडे हा त्याचा पगार.

बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड म्हणा, पण आईसमोर म्हणू नका. ज्वारी भिजवायची, भरडायची, पहाटे भल्यामोठ्या पातेल्यात शिजवायची, त्यात वाटलेलं मिरची-लसूण-मीठ घालायचं, ओल्या फडक्यावर थापायचं, खाटेवर कडक वाळवायचं आणि वर्षभर भाजून खायचं. आईच्या बिबड्यांचं नाव पार धुळ्यापर्यंत होतं. धुळ्यात माझ्या बहिणीचं सासर.

तर त्या वर्षी हवालदाराचे दात गेले, अंगाला खाज सुटली, पोटात काही टिकेना. मी त्याला गुरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, "तिखट बंद, मीठ बंद, कांदा-लसूण तर अजिबात नको. घरी मऊ शिजवून द्या."

घरी येऊन मी हे सांगितलं. आई म्हणाली, "मग उरलं काय?"

तिचं बरोबर होतं. खान्देशातून हे चार पदार्थ काढले की नुसता नकाशा उरतो.

घरात रिकामा मीच होतो, म्हणून स्वयंपाक माझ्याकडे आला. मी दुधीभोपळा घालून भात शिजवला. हवालदारानं वास घेतला आणि भांड्याकडे पाठ करून बसला. मुगाचं पाणी केलं. पाठ! लाल भोपळा उकडून कुस्करला. पाठ!

आबा, म्हणजे माझे वडील, पेपरातून डोकं काढून म्हणाले, "आधी स्वतः खाऊन बघ."

मी खाल्लं. मग मीही हवालदाराशेजारी भांड्याकडे पाठ करून बसलो.

पण हसण्यावारी नेण्यासारखं राहिलं नव्हतं. त्याच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या. "पोटात काही गेलं नाही तर हा टिकायचा नाही," डॉक्टर म्हणाले. हवालदार मात्र रोज थरथरत जिना चढून गच्चीवर जायचा आणि रिकाम्या खाटांसमोर बसायचा. त्याला पगार हवा होता.

तेवढ्यात बिबड्यांचा दिवस उजाडला. मदतीला शेजारच्या जनाअक्का आल्या. त्या दिवशी चतुर्थी, दोघींना उपास. आई फडकी भिजवायला गच्चीवर जाताना मला म्हणाली, "भाऊ, आधी तुझ्या हवालदाराचं काढून घे, मग वाटलेलं पातेल्यात घाल. घोटून घे नीट. आणि चाखून बघ."

मी वाडगाभर काढून निवत ठेवलं. हवालदार आला. हुंगलं, चाटलं, आणि चक्क खाल्लं! वाडगा फरशीवर ढकलत ढकलत चुलीपासून मोरीपर्यंत नेला. मी त्याच्यामागे मोरीपर्यंत गेलो. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. (धुरानं, असं मी तेव्हा म्हणालो.) तोवर जनाअक्का पातेलं घेऊन वर गेल्या होत्या.

वरून अक्कांचा आवाज आला, "काय वं माय, लसूनना वासच नई येस!"

मी वळून पाहिलं. वाटलेल्या मसाल्याची परात ओट्यावर जशीच्या तशी!

"भाऊ, चाखलंस ना रे? मीठ बरोबर?" आई ओरडली.

एका वाक्यात सगळं निस्तरलं असतं. मी म्हणालो, "झकास!"

"आन् बठ्ठं पांढरं कशामुळे शे?" अक्का.

"सगळं पांढरंच दिसणार, ज्वारी नवीन आहे ना, अक्का! आणि उपासाच्या दिवशी लसणाचा वास न आलेलाच बरा!"

आता परातभर मसाल्याचं करायचं काय? त्यातला थोडा मी दुपारी आबांच्या पिठल्यात जिरवला, बाकीचा परसात पुरला. आबांनी पहिला घास घेतला आणि बराच वेळ छताकडे बघत राहिले.

"पिठलं कोणी केलं?"

"मी."

"कुत्र्याचं मिठा-मिरचीविना कर म्हटलं होतं," डोळे पुसत ते म्हणाले, "त्याच्या वाटची मिरची मला घाल असं नव्हतं सांगितलं!"

बिबडे वाळले, डबे भरले, त्यातला एक धुळ्याला रवाना झाला. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहीण झोके खेळायला माहेरी आली. झोक्यावर बसायच्या आधीच म्हणाली, "आई, सासूबाई विचारत होत्या, विहीणबाईंची तब्येत बरी आहे ना?"

आईनं डब्यातला एक बिबडा काढला, भाजला, तुकडा मोडून तोंडात टाकला. सगळे तिच्या तोंडाकडे बघू लागले. अक्कासुद्धा!

"हात उतरला माझा," आई म्हणाली.

"वय झालं की व्हायचंच," आबांनी धीर दिला. (आबांचा धीर असाच असायचा.)

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं! पण तेवढ्यात आईच म्हणाली, "टाकायला नकोत. हवालदाराला होतील." मी तोंड मिटलं.

त्या डब्यावर हवालदारानं दिवाळीपर्यंत काढली. बिबडा पाण्यात भिजवून मऊ करायचा, वर चमचाभर ताक. बरगड्या झाकल्या, खाज गेली. एकदा तर त्यानं गच्चीवर एक कावळाही हाकला, बसल्या जागेवरून. दिवाळीनंतर एका दुपारी तो त्याच खाटेखाली झोपला, तो उठला नाही. शेजारी बिबड्याचा अर्धा तुकडा होता.

आई मात्र त्या वर्षापासून भाजी उतरवली की मला हाक मारायची, "भाऊ, चाखून सांग रे. माझा भरवसा नाही." आणि मी चाखून सांगायचो, "झकास." ते खरंच झकास असायचं. पण माझं झकास एकदा वापरून झालेलं होतं.

दोन महिन्यांपूर्वी मी तिला सगळं सांगून टाकलं. तिची आता ऐंशी उलटलीये.

"म्हणजे हात माझा चांगलाच होता?"

"हो."

"आणि जगला त्यावर तो?"

"दिवाळीपर्यंत."

"मग नशीब, तू विसरलास," ती म्हणाली. मला वाटलं, सुटलो.

पण गेल्या महिन्यात मला रक्तदाब निघाला. डॉक्टरांनी मीठ बंद केलं, तिखट बंद केलं. बायकोनं दुधीभोपळा घालून भात शिजवला. मी ताटाकडे बघितलं आणि नकळत पाठ केली.

आई आतून काठी टेकत आली. माझ्या बायकोला म्हणाली, "असा नाही खायचा तो. अळणी बिबडे कर, भिजवून दे, वर चमचाभर ताक. आणि तरी नाहीच खाल्लं तर गच्चीवर नेऊन बसव कावळे हाकायला. हवालदार तसाच खायचा."

काल दुपारभर कावळे हाकले. आयुष्यातला पहिला कष्टाचा पगार मिळाला. अळणी!