पाटावरची पिस्तुलं

बंदुकीच्या तेलाचा वास बोटांना लागला की साबणानं लवकर जात नाही. आमच्या घरी काही वर्षं शनिवारच्या चिवड्याला तो वास यायचा, म्हणून मला हे माहीत आहे.

आम्ही बर्मिंगहॅमला राहत होतो. मी हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ, नवरा जीपी, म्हणजे तिकडचा फॅमिली डॉक्टर. पुण्याला एकाच वर्गात शिकलो, त्यामुळे आमचं पहिल्यापासून अरे-तुरे. ऐंशीच्या दशकात कधीतरी त्याच्या सर्जरीची खिडकी फोडून कुणीतरी औषधांचं कपाट उचकटलं. सर्जरी म्हणजे त्याचा दवाखाना, तिकडे तसंच म्हणतात. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. काच बसवली, कुलूप बदललं, आणि मला वाटलं विषय संपला. तो संपला नव्हता. नवऱ्याचा एक मित्र होता, हाडांचा सर्जन, आमच्यासारखाच पुण्याहून आलेला. त्यानं याच्या कानाशी लागून लागून शेवटी दोघांना एका पिस्तूल क्लबचं मेंबर करून टाकलं.

तेव्हा तिथे क्लबच्या मेंबरला पोलिसांकडून सर्टिफिकेट काढून घरी पिस्तूल ठेवता यायचं. पण कारण नेमबाजीचंच लागायचं. स्वतःच्या रक्षणासाठी हवंय असं म्हटलं की कुणी दारात उभं करत नसे. या दोघांनी अर्थातच नेमबाजी सांगितली. दोघांपैकी एकानंही लहानपणी धड गोट्या खेळल्या नव्हत्या. पोलिसांपुढे खेळाडू आणि माझ्या दिवाणखान्यात शूरवीर, असा तो दुहेरी कारभार होता, आणि मला पहिल्या दिवसापासून त्याचा वीट आला.

शनिवारी क्लबमधून परतताना मित्र आमच्याकडे थांबायचा. मग टीपॉयवर वर्तमानपत्र पसरून दोघांची हत्यारं शेजारी शेजारी ठेवली जायची. आंब्याच्या पेटीभोवती बसलेली माणसं जशी फळ हातात घेऊन वास घेतात, दाबून बघतात, तसं यांचं चालायचं. नवऱ्याचं आखूड नळीचं रिव्हॉल्व्हर. मित्राचं चपटं पिस्तूल, नऊ मिलिमीटरचं. रिव्हॉल्व्हर साधं, ऐन वेळी अडकत नाही. पण पिस्तुलात गोळ्या जास्त मावतात. आखूड नळी ड्रॉवरमध्ये बसते, पण नेम चुकतो. मित्र मासिकंही आणायचा. त्यात पिस्तुलाचीच गोळी उडवणाऱ्या बुटक्या बंदुकांची चित्रं असायची, खांद्याला लावायच्या, आणि दोघं ती माना वाकवून बघायचे. मी चहा ठेवायला आले की मित्र म्हणायचा, "वहिनी, तुमच्या हाताला हे छोटंच सूट होईल बघा. लेडीजसाठी परफेक्ट."

"माझ्या हाताला लॅरिंगोस्कोप सूट होतो," मी म्हणायचे. भूल देताना घशात नळी घालायला लागतं ते अवजार. तो हसायचा. त्याला तो विनोद वाटायचा.

तेवढंच असतं तरी मी सोसलं असतं. पुरुषांना खेळणी लागतात. पण बोलणं खेळण्यावर थांबत नसे. कुठली गोळी माणसाला किती पटकन थांबवते, हा त्यांचा आवडता विषय होता. थांबवते, हा त्यांचा शब्द. मारते असं दोघांपैकी कुणी कधी म्हणालं नाही. एका शनिवारी मित्रानं पेपर नॅपकिनवर मांडीची मोठी रोहिणी काढून दाखवली आणि गोळी इथून गेली तर किती वेळात काम होईल ते समजावलं. त्याच्या दुसऱ्या हातात चकली होती. आदल्याच आठवड्यात तीच रोहिणी तुटलेला एक मोटरसायकलवाला आमच्या टेबलावर होता. हा सर्जन घामाघूम होऊन ती शिवत होता आणि मी रक्ताच्या पिशव्यांवर पिशव्या लावत होते. माणूस वाचला तेव्हा याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी पाहिलं होतं ते. आणि आता तोच माणूस त्याच ज्ञानाची चकलीबरोबर चटणी करत होता. मला इतकी किळस आली की मी तो नॅपकिन उचलून कचऱ्यात टाकला आणि हात धुतले. नवरा म्हणाला, "तू फार सेन्सिटिव्ह होतेस."

मला खरी भीती होती ती नवऱ्याच्या बेताची. सर्टिफिकेटचं रिन्यूअल एकदा झालं की रिव्हॉल्व्हर सर्जरीतल्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये न्यायचं, असं त्यानं ठरवलं होतं. बेकायदा, पण कोण बघतंय. मी या माणसाला ओळखत होते. तो घाबरट नाही, पण दचकतो. मागून हाक मारली तरी दचकतो. असा माणूस संध्याकाळी एकटा सर्जरीत बसलेला आणि हाताशी तो ड्रॉवर. एक दिवस तो कुणाला तरी मारणार, आणि मग उरलेलं आयुष्य मेल्यासारखा जगणार, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. आमची भांडणं झाली, अबोला झाला. रिव्हॉल्व्हर भिंतीतल्या लोखंडी कपाटातच राहिलं, पण फक्त रिन्यूअलपर्यंत.

त्या वर्षी सासूबाई पुण्याहून आल्या होत्या. खंडेनवमीला त्यांनी सकाळीच पाट मांडला, लाल कापड घातलं आणि घरातली हत्यारं गोळा केली. विळी, कात्री, नवऱ्याचा स्टेथोस्कोप, माझा एक जुना लॅरिंगोस्कोप. नवऱ्याचा त्या दिवशी हाफ डे होता. मित्रही सुट्टी घेऊन जेवायला आला होता, पुढे दोघं क्लबला जाणार होते, म्हणून त्याचं पिस्तूल पेटीत बरोबरच होतं.

"अरे, घरात खरी शस्त्रं असताना मी विळीची पूजा काय करत बसले?" सासूबाई म्हणाल्या. "आणा ती इकडे."

दोघांचे चेहरे असे फुलले की काय सांगू. इतक्या दिवसांत कुणी त्यांना इतका मान दिला नव्हता. रिव्हॉल्व्हर आणि पिस्तूल पाटावर आली, स्टेथोस्कोपच्या दोन बाजूंना. सासूबाईंनी त्यांना हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, झेंडूच्या पाकळ्या घातल्या, निरांजन ओवाळलं. दोघा डॉक्टरांनी डोळे मिटून हात जोडले. मी स्टेथोस्कोपकडे बघत होते. मला त्याचीच लाज वाटत होती, कुठल्या संगतीत बसला म्हणून.

जेवणं झाली. मित्र घड्याळ बघत उठला आणि पाटाकडे गेला.

"अरे अरे, हात लावू नकोस," सासूबाई म्हणाल्या. "पूजेला बसलेलं शस्त्र आज वापरायचं नाही. उद्या सकाळी उचलायचं."

"पण आई, क्लब…"

"उद्या."

लायसन्सच्या नियमांत हे बसत नाही, पिस्तूल रात्रभर दुसऱ्याच्या घरी ठेवता येत नाही, असं त्यानं चाचरत सांगून पाहिलं. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि पुन्हा "उद्या" म्हणाल्या. चोराला कुठे गोळी घालायची ते नॅपकिनवर काढून दाखवणारा हा गडी एका नऊवारीतल्या बाईसमोर गप्प खाली बसला. त्या दिवसातली माझी करमणूक तेवढीच.

इतक्यात बेल वाजली. दारात पोलिसांकडचा माणूस. रिन्यूअलची तपासणी. ती तारीख नवऱ्यानं सर्जरीतल्या कॅलेंडरवर लिहिली होती आणि साफ विसरून गेला होता. गृहस्थ वयस्कर, सभ्य. चपलांची रांग बघून त्यानं आपणहून बूट काढले आणि मोज्यांवर दिवाणखान्यात आला. मग त्याची नजर पाटावर गेली.

उदबत्ती जळत होती.

गोळ्या भरलेल्या आहेत का, त्यानं विचारलं. नाहीत. दुसरं कुणाचं? मित्रानं शाळेतल्या मुलासारखा हात वर केला. कपाटाची किल्ली कुठे असते? नवरा अडखळला, पण त्याचे डोळे देव्हाऱ्याकडे गेले. आमच्याकडे सगळ्या किल्ल्या देवांच्या आसनाखाली असतात, आणि घरात येणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला ते न सांगता कळतं. आता त्यालाही कळलं.

मग तो माझ्याकडे वळला. "डॉक्टर, तुमचे मिस्टर हे कशासाठी ठेवतात असं तुम्हाला वाटतं?"

नवरा मराठीत पटकन म्हणाला, "स्पोर्टचं सांग. प्लीज." मित्रही म्हणाला, "वहिनी, क्लबचं सांगा, बस."

दोघं माझ्याकडे बघत होते, मी नेहमीप्रमाणे चहा आणणार आणि सगळं निभावून नेणार अशा खात्रीनं. मला तो चकलीवाला हात आठवला.

"माणसं थांबवायला," मी इंग्रजीत म्हणाले. "रिन्यूअल झालं की ते सर्जरीच्या ड्रॉवरमध्ये जाणार आहे."

त्या माणसानं मान हलवली. दोन्ही हत्यारं आपल्याला न्यावी लागतील, म्हणाला. त्यानं हात पुढे केला तशा सासूबाई मध्ये आल्या. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी मुलाकडे एकदा नीट बघितलं. "नेमबाजीचं म्हणाला होतास मला," त्या म्हणाल्या. मग पाटावर चार अक्षता टाकल्या, पाट जरासा उत्तरेला सरकवला आणि त्या माणसाला हातानं खूण केली, ने. तो गेला तेव्हा त्याच्या बोटांना कुंकू लागलेलं होतं.

नवऱ्याचं सर्टिफिकेट रद्द झालं. मित्रानं वकील लावून आपलं वाचवलं आणि आमच्याकडे येणं बंद केलं. दिवाळीला फोन तेवढा करायचा, तोही याला. "गोऱ्यासमोर माझी लाज काढलीस," नवरा म्हणाला. कितीतरी दिवस तो माझ्याशी कामापुरतंच बोलत होता. मला वाईट वाटलं, पण पश्चात्ताप झाला नाही. अजूनही होत नाही.

त्यानंतर काही वर्षांनी, नव्वदच्या दशकात, एका संध्याकाळी तो सर्जरीतून उशिरा आला. कोट न काढताच स्वयंपाकघरात बसला. मी चहा दिला तो त्यानं तसाच बाजूला सरकवला.

रिसेप्शनिस्ट गेल्यावर एक माणूस आत शिरला होता. तोंडाला स्कार्फ, हातात स्क्रूड्रायव्हर. नशेच्या गोळ्या मागत होता. नवऱ्यानं कपाटाची किल्ली काढून टेबलावर ठेवली. किल्ली घ्यायला तो वाकला, स्कार्फ घसरला, आणि दोघांनी एकमेकांना ओळखलं. त्याचाच पेशंट. त्याची आई कॅन्सरनं घरीच वारली, तेव्हा नवरा शेवटच्या दिवसांत रोज त्यांच्याकडे जात होता, आणि हा मुलगा दार उघडायचा. किल्ली तशीच ठेवून तो "सॉरी, डॉक्टर" म्हणाला आणि खुर्चीत बसून रडायला लागला.

"स्कार्फ घसरायच्या आधीच मी मारला असता," नवरा म्हणाला. "ड्रॉवर उघडायला हात गेला होता माझा. मनात ते अजून तिथेच होतं. त्यात नुसते प्रिस्क्रिप्शन पॅड होते."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

बातमी आमच्या लोकांत पसरायला वेळ लागत नाही. दुसऱ्या दिवशी रात्री जेवायला बसतोय तोच फोन वाजला. मित्र होता. नवरा ऐकत होता, "हो" म्हणत होता, "नाही" म्हणत होता. मग त्याचं "हो" थांबलं. पलीकडचा आवाज मला टेबलापर्यंत ऐकू येत होता, उत्साहानं भरलेला, शनिवारचा आवाज. नवऱ्यानं त्याचं बोलणं पुरं होऊ न देता रिसीव्हर खाली ठेवला, सिंकपाशी गेला आणि साबण लावून हात धुवायला लागला.

"काय म्हणत होता?" मी विचारलं.

"किती फुटांवर होता, विचारत होता. एवढ्या जवळून रिव्हॉल्व्हर बरं की पिस्तूल, ते सांगत होता." त्यानं नळ बंद केला, पण हात पुसले नाहीत. "कोण होता, ते नाही विचारलं."