येतील-ना मॅडम

"येतील ना हो काकू?" नमस्काराच्या आधी तिचं हे वाक्य यायचं. माझ्या पिठाच्या चक्कीच्या पायरीवर पाय ठेवायच्या आधीच. आमच्या गावानं तिचं खरं नाव कधी तोंडात घेतलंच नाही, 'येतील-ना मॅडम' हेच पडून गेलं. ती ओशाळं हसायची आणि ओठाची सालं काढत रस्त्याकडं बघत राहायची.

तालुक्याच्या कुटुंब मदत केंद्रातून ती यायची. बोरी अरबच्या अलीकडं एसटीतून उतरून आमच्या गावापर्यंत पायी. घरात मारहाण असेल, नवऱ्यानं टाकलं असेल, तर वकील मिळतो, राहायची सोय होते, समजावून सांगणारं माणूस मिळतं आणि हे सगळं फुकट, एवढं बायांपर्यंत पोचवायचं तिचं काम. त्यासाठी मेळावे घ्यायचे. पहिल्या मेळाव्याला तिनं मंडप टाकला, खुर्च्या मांडल्या, 'कौटुंबिक वाद निवारण' असं ठळक लिहून कापडी फलक लावला. तिघीजणी आल्या. त्यातल्या दोघी अंगणवाडीच्याच.

संध्याकाळी ती चक्कीत येऊन बसली, रडवेली. मी म्हटलं, "मॅडम, ज्या बाईच्या घरी मार हाय, ते त्या पाटीखाली येऊन बसन का? साऱ्या गावाले समजन ना!"

"मग बाया मोकळ्या बोलतात तरी कुठं, काकू?"

मी चक्की सुरू केली. पट्टा फिरला, घरघर सुटली, आणि मी तिच्या कानाशी वाकून म्हटलं, "इथं." चक्की चालू असली की कानातलं बोलणं त्या कानापलीकडं जात नाही. नवरा गेल्यापासून मी चक्की चालवते. इतक्या वर्षांत काय काय ऐकलं, ते माझं मलाच ठाऊक.

त्यानंतर दोन महिने आठवड्यातून दोनदा ती येऊन बसायची. कुणाचा डबा उतरवून घे, कुणाचं पीठ चाळून बघ. येणाऱ्या प्रत्येक बाईचं नाव तिला पाठ झालं. पाचजणी तिला मोकळेपणी भेटायला तयार झाल्या. त्यातली वैशाली सगळ्यात लहान. तिच्या मनगटावरचे वळ मीही पाहिले होते. "सासूले समजलं तर संपलं माहं," एवढंच म्हणायची.

मग संक्रांतीचा बेत ठरला. हळदीकुंकू नाही म्हणायचं, नाहीतर माझ्यासारख्या विधवा येत नाहीत. नुसता तिळगुळाचा कार्यक्रम. शाळेच्या एका खोलीत वजन आणि बीपी, आतल्या खोलीत वकीलबाई. त्या पाचजणींनी वजन करायला म्हणून जायचं आणि तसंच पुढं सरकायचं. मॅडम आठ दिवस नीट जेवली नसेल. "येतील ना? आणि आल्या तर कुणी ओळखणार नाही ना?"

बाया आल्या. वर्ग भरला, व्हरांडा भरला. स्वागतासाठी माईक माझ्या हातात होता. आता माझं सांगते. शाळेत मी गेले नाही. नातीबरोबर बसून, पोत्यांवरची अक्षरं लावत वाचायला शिकले. त्याचा मला भारी अभिमान. टेबलावर मॅडमची वही उघडी होती, वर पाच नावं. आमच्याकडं माईकवर नाव घेणं म्हणजे मान. कुणाची आहेत याचा विचार न करता मी मोठ्यानं वाचली. "या भगिनींचं स्वागत..." पाचवं नाव वैशालीचं. वर बघितलं तर तिचा चेहरा पांढराफटक. शेजारी तिची सासू शेवंताबाई, मान वळवून सुनेकडं बघत होती. "तुहं नाव काहून घेतलं व?"

मी माईक खाली केला.

मॅडमनं माईक घेतला. "थांबा, यादी संपलेली नाही," ती म्हणाली, पान उलटलं आणि वाचायला लागली. सरपंचबाई. अंगणवाडीची बाई. मी. शेवंताबाई. व्हरांड्यातली एकेक. शेवटी स्वतःचं नाव. "नाव घेतलं त्या साऱ्यांनी एकेक करून वजनाला यायचं." मी तिच्याशेजारीच उभी होते. पान कोरं होतं.

पण शेवंताबाई सुनेचा हात धरून तिळगुळ न घेताच निघून गेली.

पुढचे आठ दिवस वैशाली दळायला आली नाही. मॅडमचा रोज फोन. "आली का हो काकू?" मला रागवली मात्र एकदाही नाही, त्यानं जास्तच लागायचं. मी दोनदा त्यांच्या घरावरून गेले, दार लावलेलं.

नवव्या दिवशी डबा घेऊन शेवंताबाईच उभी. मी चक्की सुरू केली. ती माझ्या कानाशी वाकली.

"त्या बाईनं माहं नाव कायले घेतलं?"

"सगळ्यांचंच घेतलं, बाई," मी म्हटलं.

तिनं पडणाऱ्या पिठाखाली डबा नीट सरकवला. मग पुन्हा वाकली. "मले वाटलं, तिले समजलं. पोरगं माह्यावरही हात उचलते." आणि पदर तोंडाशी धरून, "विचार तिले. आम्ही दोघी आलो तर चालन का?"

ठरल्या दिवशी मॅडम सकाळपासून चक्कीत. "येतील ना हो काकू?" एरवी मी फट्कन 'येतील' म्हणायची. त्या दिवशी मीच पायरी उतरून वळणापर्यंत बघून आले. दुपार कलली तेव्हा वळणावर दोघी दिसल्या. ज्वारीचा एकच डबा, सासूच्या कमरेवर. सून मागून, पण लांब नाही. मॅडम पायरीवर बसूनच रडली.

उन्हाळ्यात तिची बदली मारेगावकडं झाली. जाताना वही मला देऊन गेली. मी तीत काही लिहिलं नाही. नवीन मॅडम हुशार आहेत, ठाम बोलतात, कुणाला काही विचारत नाहीत. मेळाव्याच्या दिवशी चक्कीच्या दारात उभं राहून, ओठाची सालं काढत रस्त्याकडं बघते ती आता मीच.