आत्याचा मुरलेला राग

आमच्या आत्याला राग येत नसे. म्हणजे आलेला कुणाला दिसत नसे. कुणी तिचं वाकडं केलं तर ती मान हलवायची, पदर सावरायची आणि आपल्या शेळ्यांमागं निघून जायची. नवख्याला वाटायचं, गरीब बाई आहे, विसरली. गाव मात्र तिला ओळखून होतं. तोंडावर सगळे आत्या म्हणत आणि पाठीमागं नागीण. तिला दोन्ही नावं ठाऊक होती, दोन्ही आवडायची. "राग ताजा खाऊ न्हाई," ती म्हणायची. "लोणच्यावानी मुरू द्यावा. मंग चव येती."

एकदा बदनापूरच्या बाजारातून येताना एका कंडक्टरनं तिला शेळीच्या पिलासकट भर उन्हात गाडीतून उतरवलं होतं. पुढं केव्हातरी तोच माणूस आमच्या गावात लग्नाला आला. आत्या पंगतीत पाणी वाढत होती. त्याच्यासमोर आली आणि तांब्या तसाच पुढं घेऊन गेली. त्यानं हाक मारली तेव्हा म्हणाली, "पिलाला गाडीत जागा नव्हती ना भाऊ, तसं आमच्या तांब्यात पानी न्हाई." त्याला ठसका लागला, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मग आत्यानं पाणी दिलं, पण ठसका पुरता लागू दिला.

तरी हे किरकोळ. आत्यानं खरा मुरवलेला राग एका गुरुजींवरचा होता. त्या रागातला थोडा वाटा मलाही मिळाला आहे, म्हणूनच हे लिहायला बसले. आज मी जुन्या जालन्यात फ्लेक्स छापायचं दुकान चालवते. दिवसभर लोकांच्या नावापुढं आदर्श, कर्तव्यदक्ष, विद्यार्थीप्रिय असं छापत असते, आणि दर वेळी मला ते गुरुजी आठवतात.

आमचं गाव हसनाबादच्या अलीकडं. शाळा जिल्हा परिषदेची, चौथीपर्यंत. आत्याची एकुलती एक लेक रुक्मी तिथं जायची. वाचताना अडखळायची पोरगी, पण जायची. तपासणीला साहेब येणार असले की आदल्या दिवशी गुरुजी तिला जवळ बोलवत, डोक्यावरून हात फिरवत आणि म्हणत, "बाळा, उद्या मोठी माणसं येणार आहेत. तू घरीच थांब." त्यांनी कुणावर कधी छडी उगारली नाही. छडीचा वळ दोन दिवसांत जातो तरी. पहिल्या वेळी रुक्मीला सुट्टी मिळाल्याचा आनंद झाला. पुढच्या वेळी तिनं आईला विचारलं, मलाच का? त्यानंतर कुणी न सांगता ती घरी थांबली, आणि मग थांबलीच. शेळ्यांमागं गेली, मोठी झाली, बदनापूरकडं तिला दिली. आत्या गुरुजींना एका शब्दानं बोलली नाही. त्यांची बदली झाली तेव्हा बाकीच्या बायांबरोबर तिनंही निरोपाचा नारळ दिला.

बऱ्याच वर्षांनी तेच गुरुजी मुख्याध्यापक होऊन परत आमच्याच शाळेत आले. मी तेव्हा तिसरीत होते. आल्या आल्या त्यांनी शाळा रंगवून घेतली. भिंतीवर पाढे, भिंतीवर बाराखडी, जिन्याच्या पायऱ्यांवर इंग्रजी महिने. अशा भिंतींना बोलक्या भिंती म्हणतात. मग शाळेच्या समितीला अध्यक्ष हवा झाला. गुरुजींना सही न वाचता करणारा माणूस पाहिजे होता. अंगठा देणारी, विधवा, म्हणेल त्याला मान हलवणारी म्हणून त्यांनी आत्याला निवडलं. करणारा विसरून जातो, म्हणतात ते काही खोटं नाही. आत्या एवढंच म्हणाली, "मला काय कळतंय गुरुजी. तुमी म्हनाल तसं." तिचं हे बोलणं सगळ्यात धोक्याचं, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. पण गुरुजी पडले बाहेरगावचे.

त्या वर्षी जिल्ह्यातली आदर्श शाळा निवडायला समिती फिरत होती. गुरुजींना निवृत्तीआधी ते बक्षीस हवं होतं. समिती यायच्या आदल्या दिवशी शाळा सुटताना त्यांनी आम्हा सात-आठ जणांना थांबवून घेतलं. ऊसतोडीवरून परत आलेली पोरं होती, मेंढरांमागं हिंडणारी होती, आणि जोडाक्षर आलं की घाम फुटणारी मी होते. एकेकाच्या डोक्यावरून हात फिरला. "बाळा, उद्या मोठी माणसं येणार आहेत. तू घरीच थांब."

पण घरी थांबलेली पोरं गल्लीत हिंडतात, कुंपणावरून डोकावतात. ती अडचण गुरुजींनी अशी काही सोडवली की आजही आठवलं की मला हसू येतं. ते सरळ आत्याच्या दारात गेले. आम्ही त्यांच्या मागंच होतो. म्हणाले, "आत्या, उद्या या पोरांना तेवढं माळावर न्या शेळ्यांबरोबर. दुपारपर्यंत गावात दिसू नयेत."

"बराबर हाय," आत्या म्हणाली. "बिलकुल दिसनार न्हाईत."

दुसऱ्या दिवशी माळावर तिनं आम्हाला भाकरी-ठेचा दिला, बोरं पाडून दिली. मग एकेकाला समोर बसवून विचारलं, "काय म्हनले गुरुजी तुला?" आम्ही सांगितलं. ती डोळे मिटून ऐकत होती. सगळ्यांचं ऐकून झालं तेव्हा मला म्हणाली, "तू पुन्हा म्हन." मी पुन्हा म्हटलं. "तेच हाय," ती म्हणाली. "शब्दबी बदलला न्हाई मेल्यानं." तेवढ्यात खाली रस्त्यावर पांढऱ्या गाडीचा धुरळा दिसला. आत्या काठी घेऊन उठली. "चला रे. मोठी मानसं आली."

शाळेत स्वागतगीत चाललं होतं. समितीतले दोघे साहेब आणि एक मॅडम खुर्च्यांवर बसले होते. पुढच्या रांगेत पाढे येणारी पोरं, तेल लावलेली, भांग पाडलेली. फाटकातून आधी शेळ्या शिरल्या, मागून आम्ही, आणि सगळ्यांच्या मागं आत्या. एका बोकडानं टेबलावरचा हार ओढून खायला सुरुवात केली. गाणं थांबलं.

"साहेब, मी या शाळेची अध्यक्ष," आत्या म्हणाली. "ही राह्यलेली पोरं घेऊन आल्ते. हीबी याच शाळेतली हाईत."

गुरुजी हसत पुढं आले. "आत्या, यांना बरं नव्हतं ना..."

"ताप हाय का बघा की हात लावून."

मॅडमनी खरंच माझ्या कपाळाला हात लावला. मग विचारलं, "तुला घरी थांबायला कुणी सांगितलं?" मी गुरुजींकडं पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत तेव्हा जी विनवणी होती ती मी जन्मात विसरणार नाही. मला वाचता येत नव्हतं, पण ते वाक्य तोंडपाठ होतं. मी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणून दाखवलं, बाळासकट. गुरुजी, तुम्ही हे वाचत असाल तर वाचा. इतकं स्पष्ट मी त्यानंतर कधी बोलले नाही.

बक्षीस दुसऱ्या गावाला गेलं. गाव आत्यावर उखडलं. सरपंच पारावर म्हणाले, "आत्या, गावाचं नाक कापलं तुमी."

"नाक कुठं व्हतं?" आत्या म्हणाली. "रंग व्हता. भिंती बोलून राह्यल्या अन् पोरं मुकी."

आठवड्याभरानं गुरुजी तिच्या घरी आले. आमचं घर शेजारीच, मधे नुसता काटक्यांचा कूड. गुरुजींचा आवाज पडला होता. "आत्या, माझी शेवटची वर्षं. मी तुमचं काय वाईट केलं होतं?"

"रुक्मी आठवती का तुमाला?"

"कोण रुक्मी?"

आत्यानं कपात चहा ओतला. मग म्हणाली, "काई न्हाई. चहा घ्या." ते चहा पिऊन गेले. ती कुडाजवळ आली आणि मला म्हणाली, "नाव जरी आठवलं असतं ना, तर संपलं असतं माझं. आता न्हाई संपत."

आणि तिनं संपू दिलंही नाही. गुरुजी निवृत्त होईपर्यंत प्रत्येक तपासणीला ती सकाळपासून फाटकात बसायची. एक पोर कमी दिसलं की घरी जाऊन बखोटीला धरून आणायची. कुणी साहेब आले की त्यांना थेट शेवटच्या रांगेकडं न्यायची. "म्हैस घेताना मानसं मागून बघत्यात, अन् शाळा पुढूनच बघून जात्यात," हे तिनं कितीतरी साहेबांना ऐकवलं. आम्हाला लपवायची सोय उरली नाही, तेव्हा आम्हाला शिकवण्यावाचून गुरुजींना इलाज राहिला नाही. शाळा सुटल्यावर थांबवून, घाम पुशीत, त्यांनी मला जोडाक्षरं शिकवली. लोक म्हणतात, लेकरं मायेनं शिकतात. शिकत असतील. आम्ही आत्याच्या डूख धरण्यामुळं शिकलो.

यंदा आत्या गेली. तिचा श्रद्धांजलीचा फ्लेक्स मीच केला. नावापेक्षा 'अध्यक्ष' मोठ्या अक्षरात घातलं, तिला आवडलं असतं.

दहाव्याला नदीकाठी सगळं गाव होतं. पिंड ठेवले, पण कावळे बाभळीवरून हलेनात. आत्याचा भाऊ म्हणाला, "शेळ्या इकनार न्हाई." कावळा हलला नाही. पुतण्या म्हणाला, "रुक्मीला माहेरपन कमी पडू देनार न्हाई." नाही. सरपंचांनी शाळेला आत्याचं नाव द्यायचं कबूल केलं, तर कावळ्यानं तोंडच फिरवलं. ऊन वर चढलं, लोक कुजबुजायला लागले.

तेवढ्यात गुरुजी आले. पांढरे कपडे, हातात काठी, आता थकलेले. आमच्याकडं दहाव्याला माइकवर दोन शब्द बोलायची रीत आहे. ते चपला काढून माइकपाशी गेले आणि घसा खाकरला. इतका वेळ खाली मान घालून बसलेली रुक्मी उठली. मी उठणारच होते, पण ती आधी उठली. जवळ जाऊन, अगदी गोड आवाजात म्हणाली, "गुरुजी, आज मोठी मानसं आल्यात. तुमी घरीच थांबा."

गुरुजी आधी नुसते हसले. मग तिच्याकडं बघत राहिले. त्यांचं हसू हळूहळू उतरलं. ओठ हलले.

"रुक्मी?"

माइक चालू होता. ते नाव अख्ख्या नदीकाठानं ऐकलं.

बाभळीवरून पंखांचा आवाज आला. बायांनी हात जोडले, कुणीतरी रडायला लागलं. गुरुजी वाकून चपला शोधत होते, त्या त्यांना लवकर सापडेनात. सापडल्या तशा पायात सरकवून ते चढ चढून निघून गेले. त्यांना कुणी थांबा म्हटलं नाही. मीही नाही, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही.

रुक्मीनं तिकडं वळूनही पाहिलं नाही. ती पिंडाकडं बघत होती. कावळा सावकाश, चवीनं खात होता.