अडीचला बंद होणारी वेबसाईट

अल मनखूलमधल्या माझ्या वेब डिझाइनच्या क्लासला शारजाच्या एका शाळेतल्या ग्रंथपालबाई यायच्या. आल्या की आधी की-बोर्ड रुमालानं पुसायच्या. उघडलेली टॅब वाचून झाली की पुस्तक जागेवर ठेवावं तशी लगेच बंद करायच्या. शाळेच्या ग्रंथालयाची वेबसाईट जमू लागली तेव्हा त्यांनी विचारलं, "सर, ही ग्रंथालयासोबत अडीचला बंद कशी करायची?"

"वेबसाईट बंद नसते करत, मॅडम. चोवीस तास उघडी."

"आणि मी नसताना कुणी येऊन पसारा केला तर?"

समजावून मी थकलो. अडीचनंतर नुसती 'ग्रंथालय बंद आहे' अशी पाटी दिसेल, एवढी सोय त्यांनी करून घेतलीच. "आता खलास, झालं काम," म्हणाल्या. मला तो खुळेपणा वाटला.

जूनमध्ये शाळेनं ग्रंथालयाच्या खोलीत रोबोटिक्सची लॅब केली. पुस्तकं खोक्यांत भरून गोदामात गेली. बाईंनी हे फोनवर सांगितलं, उद्या सुट्टी आहे म्हणावं तसं. "येतील परत, इन्शाल्ला."

संध्याकाळी सातला मी सहज त्यांची वेबसाईट उघडली. बंदची पाटी नव्हती. तिच्या जागी लिहिलं होतं, 'या. कधीही या.'