शून्य सत्तेचाळीस

वल्लरी हातकणंगल्याहून रोज एसटीनं शिरोलीला येते. ज्या फौंड्रीत मी एकतीस वर्षं भट्टी सांभाळली, तिथं ती संगणक सांभाळते. खुर्चीवरचं काम म्हणजे काम नव्हे, असं मी म्हणायचो. आता म्हणत नाही.

भट्टीत एका वेळी वितळवलेल्या लोखंडाला आम्ही हीट म्हणतो. प्रत्येक हीटचा एक कागद असतो. वर नंबर, तापमान, भट्टीवाल्याचं नाव. तळाशी काय ओतलं ते. जानेवारीपासून वल्लरी कागदावरचा वरचा भाग डेटाबेसमध्ये ठेवू लागली. एका हीटचं एक पान, आणि पान ओळखायचं नंबरावरून. मालावरच्या चिठ्ठ्याही तिथूनच छापायच्या.

मार्चमध्ये साठ पंप हाउसिंग, म्हणजे पंपाची लोखंडी कवचं, चिरा पडून परत आली. चिठ्ठीवर हीट ४७. वल्लरीनं जानेवारीतलं ते पान काढलं. भट्टीवाला पिराजी. मालकांनी त्याला घरी बसवलं.

दुसऱ्या दिवशी पिराजी तिच्या टेबलापाशी उभा राहिला.

"ताई, जानेवारीत मी हाउसिंग ओतलंच न्हाय. तुमच्या मशीननं माझं नाव कुठनं आणलं?"

"कागदावरून भरलंय, पिराजीमामा."

"मग त्यालाच उभं करा की भट्टीवर. बघू घाम येतोय का!"

रविवारी ती माझ्या घरी आली. चहा तसाच ठेवून तिनं विचारलं, "काका, सत्तेचाळीस नंबर दोनदा येतो का?"

"येतो की. नव्या भट्टीचा सत्तेचाळीस, जुन्या भट्टीचा शून्य सत्तेचाळीस."

"मला कुणी सांगितलं नाही."

"त्यात सांगायचं काय? सगळ्यांना ठाऊक हाय."

बोलल्यावर आठवलं. नवी भट्टी आली तेव्हा नंबर एकात एक होऊ नयेत म्हणून जुनीच्या नंबरापुढं शून्य लावायची पद्धत मीच पाडली होती. लिहून कुठंच ठेवली नव्हती.

काय झालं ते तिनं मला समजावलं. डेटाबेसमध्ये ठेवण्याआधी पानाची घडी घालावी लागते. घडी घालणाऱ्या कोडला सिरियलायझर म्हणतात. तिनं तयार मिळतो तोच वापरला होता. त्यानं ०४७ हा साधा आकडा धरला, शून्य टाकलं, ४७ ठेवला. दोन दिवसांनी पिराजीचा ४७ आला आणि त्याच पानावर बसला. खालचं, ०४७चं पान पुसलं गेलं.

आता तिनं स्वतःचा सिरियलायझर लिहिला. नंबर जसा लिहिलाय तसा अक्षरांसारखा ठेवायचा, भट्टीचं नाव वेगळं ठेवायचं, त्या नंबराचं पान आधीच असेल तर नवं घ्यायचं नाही. दोन दिवस गेले. पण गेलेली पानं त्यानं परत येत नाहीत. कागद स्टोअरमध्ये पोत्यांत होते, अकराशेच्या वर, तेलकट, महिन्यांची सरमिसळ झालेली. तळाचं भट्टीवाल्यांचं अक्षर तिला लागेना. मी चष्मा घेऊन गेलो.

मी वाचायचो, ती भरायची. दुपारपर्यंत माझी पाठ धरायची. टाइप करून दुखणाऱ्या तिच्या मनगटाला पट्टा होता.

तिसऱ्या दिवशी ०४७ सापडला. तळाशी लिहिलं होतं, पंप हाउसिंग, साठ. भट्टीवाला दुसराच, फेब्रुवारीत काम सोडून गेलेला.

कागद पाहून मालक वल्लरीला म्हणाले, "आधीच बघायचं होतं." दुसऱ्या दिवशी पिराजी कामावर आला. जाता जाता त्यानं वल्लरीच्या टेबलावर गुळाची ढेप ठेवली.

"सापडला की. आता उरलेले सातशे कशाला?" मी म्हटलं.

"उद्या दुसऱ्या कुणाचं नाव निघेल, काका."

तिनं पट्टा घट्ट केला. मी पुढचा कागद उचलला.

"शून्य तीनशे बारा."